जुन्या दागिन्यांची घरच्या घरी निगा

श्रावण लागला की आमच्याकडे ठरलेले फोन सुरू होतात. गौरीचे दागिने डब्यातून काढले, पुतळ्यांची माळ काळपट दिसते, नथीचे मोती पिवळे पडलेत, पैंजण तर ओळखू येत नाहीत, काय लावावे? संक्रांतीचे हळदीकुंकू आटोपले की पुन्हा तेच. प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे म्हणून ही माहिती. आमचे मुख्य सांगणे असे की ‘काय लावावे’ हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, दागिना आतून कशाचा आहे. आपले जुने दागिने नुसते सोन्याचे नसतात. त्यांत लाख असते, रेशीम असते, मोती असतात, कोंदणात खड्यामागे चमकदार वर्ख असतो, आणि ज्या धुण्याने सोने उजळते त्याच धुण्याने ही बाकीची मंडळी बिघडतात.

धार-देवासच्या घरांत हा मिश्रपणा जरा जास्तच आढळतो. अठराव्या शतकात पवारांबरोबर माळव्यात आलेली मराठी घराणी इथे मुरली (देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची सुरुवात तुकोजी आणि जिवाजी या भावांपासून, १७२८ मध्ये धरतात), तरी सोयरिकी दक्षिणेशी होतच राहिल्या. राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई अक्कासाहेब देवासच्या थोरल्या पातीत दिलेल्या होत्या, आणि त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. राजवाड्यात जे घडले ते लहान प्रमाणात इतर घरांतही घडले. सून पुण्याची, साताऱ्याची, कोल्हापूरची आली आणि तिच्याबरोबर ठुशी, तन्मणी, साज आले. पुढची खरेदी मात्र इंदूरच्या सराफ्यात नाहीतर रतलामला झाली. म्हणून एकाच डब्यात लाखेची बोरमाळ, मोत्यांची नथ, मीनाकाम केलेले पैंजण आणि प्रतापगडचे थेवा पदक शेजारी-शेजारी निघते. हे सगळे एका पातेल्यात घालून चालत नाही.

लाख भरलेले दागिने

बोरमाळेचे मणी, कोल्हापुरी साजाची पाने, जुने गोठ, वाक्या, काही मंगळसूत्रांच्या वाट्या या पातळ सोन्याच्या पत्र्याच्या असून आत लाख भरलेली असते. यात फसवणूक काही नाही. थोड्या सोन्यात भरीव आकार यावा आणि पत्रा चेपू नये म्हणून काढलेली ही जुनी युक्ती आहे. ओळखायचे कसे? आकाराच्या मानाने दागिना हलका लागतो. नखाने टिचकी मारली तर आवाज बसका येतो. मण्याच्या भोकाशी किंवा जोडाशी भिंगातून पाहिले तर तांबूस-काळी लाख दिसते.

लाख साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडून वितळू लागते. म्हणजे उकळत्या पाण्यात टाकलेली बोरमाळ बाहेर निघेल ती चकचकीत निघेल, पण लाख भोकातून बाहेर आलेली असेल, आणि पुढच्या वेळी नुसत्या बोटाच्या दाबाने मणी चेपतील. धुण्याच्या सोड्यासारख्या क्षारांतही लाख विरघळते आणि स्पिरिटमध्येही. सॅनिटायझरमध्ये स्पिरिटच असते. हातावर चोळले की ते पूर्ण वाळेपर्यंत गोठ-वाक्यांना हात लावू नये. या दागिन्यांना सुती कापड कोमट पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, हलक्या हाताने पुसणे एवढेच पुरे. खाचांत मळ असेल तर अगदी मऊ, कोरडा ब्रश. लाख निघून पोकळ झालेला मणी घरी मेणाने किंवा एम-सीलने भरू नका. सोनार लाख पुन्हा भरून देतो, पण आधी तुमचे मेण काढण्यात त्याचा वेळ जातो आणि पत्रा फाटतो.

साधे सोने

पाटल्या, बांगड्या, साखळ्या, अंगठ्या: आत लाख नाही, खडा नाही, दोरा नाही, अशा दागिन्यांचेच काय ते धुणे निश्चिंतपणे करता येते. शुद्ध सोने कधी काळे पडत नाही. २२ कॅरेटच्या दागिन्यात हजार भागांत ९१६ भाग सोने असते, उरलेले तांबे आणि चांदी. काळेपणा येतो तो या दोघांमुळे. जुन्या घरांत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले तेव्हा १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी होती, आणि ती काही वर्षे टिकली. त्या काळातल्या लग्नातली अंगठी किंवा साखळी इतर दागिन्यांपेक्षा लवकर काळवंडत असेल तर सोनाराने फसवले असे लगेच म्हणू नये. तिच्यात सोने ५८ टक्क्यांच्या आसपासच असायचे.

पण एरवी दागिना निस्तेज दिसतो तो बहुतेक वेळा नुसत्या मळाने. त्वचेचे तेल, साबणाचा थर, कणीक, हळद, पावडर. याला औषध साधे आहे. एका वाडग्यात कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या सौम्य द्रव साबणाचे चार-पाच थेंब. दागिना दहा-पंधरा मिनिटे भिजू द्यावा, लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने मागच्या बाजूने आधी घासावे (मळ मागेच बसतो), दुसऱ्या वाडग्यातल्या स्वच्छ पाण्यात खळबळावे, आणि सुती कापडावर रात्रभर वाळू द्यावे. हे सगळे वाडग्यात करायचे, बेसिनमध्ये नाही. बेसिनच्या नळाखाली धुताना गेलेल्या फिरक्या आणि हिऱ्याच्या चमक्या किती, याचा हिशेब प्रत्येक घरात असतो. आजीच्या पद्धतीचे रिठ्याचे पाणीही उत्तम. रिठ्याची साले रात्री भिजत घालून सकाळी फेस काढावा आणि गाळून घ्यावा, म्हणजे सालीचे कण खाचांत अडकत नाहीत.

हिऱ्याच्या कुड्यांनाही हीच रीत. हिरा सर्वांत कठीण, पण तेलकटपणा त्याला फार पटकन धरतो आणि मग तो काचेसारखा दिसतो. मात्र धुण्याआधी खडा हलतो का ते पाहावे. दागिना कानाजवळ धरून हळूच हलवला तर सैल खड्याचा बारीक आवाज येतो. आवाज आला तर धुणे थांबवून आधी सोनाराकडे.

टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, राख, रांगोळी यांनी सोने घासू नये. सोने मऊ आहे. हे सगळे त्याला खरवडतात, आणि जी चमक दिसते ती खरवडलेल्या नव्या पृष्ठभागाची. साधी धूळसुद्धा कोरड्या कापडाने जोरात चोळू नये, कारण धुळीत वाळूचे कण असतात. ब्लीचचे पाणी, फरशीचे अॅसिड, पोहण्याच्या तलावाचे पाणी यांत दागिने घालून जाऊ नये. आणि पारा! थर्मामीटर फुटला, किंवा उज्जैनहून आणलेले पारद शिवलिंग हाताळले, तर बोटातली अंगठी आधी काढावी. सोन्याला पारा लागला की ते पांढरे पडते आणि घासून ते जात नाही. असा दागिना घरी तापवण्याचा प्रयत्न मुळीच करू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते. वेगळ्या डबीत घालून, काय झाले ते सांगून सोनाराकडे द्या.

नथ, तन्मणी, चिंचपेटी

इथे आम्ही थोडे जास्त लिहिणार आहोत, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते.

मोती हा दगड नव्हे. खडूत असते तेच कॅल्शियम कार्बोनेट त्यात असते, आणि ते थर धरून ठेवणारा सेंद्रिय पदार्थ. लिंबू, व्हिनेगर, चिंच यांनी तो विरघळतो; घामानेसुद्धा वर्षानुवर्षे झिजतो. अत्तर, हेअर स्प्रे, पावडर यांनी त्याचे पाणी जाते. म्हणून मोत्यांचा दागिना साजशृंगारात सर्वांत शेवटी घालावा आणि घरी आल्यावर सर्वांत आधी काढावा. काढल्या काढल्या मलमलीच्या ओलसर कापडाने एकेक मोती पुसावा, मग कोरड्याने. मोत्यांची निगा एवढीच, पण ती प्रत्येक वेळी. वर्षातून एकदा भरपूर धुऊन ही कसर भरून निघत नाही.

मोत्याची सर पाण्यात बुडवू नये. मोती रेशमावर ओवलेले असतात. रेशीम भिजले की फुगते, ताणते, मळ आत ओढते, आणि वाळल्यासारखे वाटले तरी मोत्याच्या भोकात ओल राहते. चिंचपेटीचे मोती काही दिवसांनी सैल लोंबू लागले तर त्यामागे बहुधा असे एखादे धुणे असते. दोरा मळका किंवा सैल दिसला तर पुन्हा गाठवून घ्यावे. महाराष्ट्रात हे काम पटवेकरी करतात, आपल्याकडे बाजारात पटवा विचारा. दोन मोत्यांमध्ये गाठ घालून घ्या, म्हणजे दोरा तुटला तरी एकच मोती निसटतो. मोती मोजून द्या आणि मोजून घ्या.

नथीचे मोती सोन्याच्या तारेत गुंफलेले असतात, त्यामुळे ती थोडी सोशिक. तरी नाकाजवळचे तेल आणि पावडर तिच्या घडीत साठते. ओलसर कापसाचा बोळा नको, त्याचे धागे तारेत अडकतात. मऊ रंगाच्या ब्रशने पुसावी. तार वाकडी झाली तर घरी सरळ करू नये. जुनी तार एकाच जागी दोनदा वाकवली की तुटते.

पिवळे पडलेले जुने मोती घरी पांढरे होत नाहीत. केमिस्टकडचे पेरॉक्साइड लावून पाहू नका. उलट तो पिवळेपणा पाहून थोडे थांबा. जपानी संवर्धित मोती बाजारात आले ते १९२० च्या दशकापासून. तुमच्या घरची नथ त्याआधीची असेल, तर तिचे खरे मोती समुद्रातून आलेले नैसर्गिक मोती असणार, आपल्याकडे ज्यांना बसऱ्याचे मोती म्हणतात तसे. अशा मोत्यांची किंमत नथीतल्या सोन्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकते. मोती खरे की काचेचे हे साधारण कळण्यासाठी दाताच्या कडेवर अगदी हलके घासून पाहावे. खरा मोती बारीक वाळूसारखा खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. नैसर्गिक की संवर्धित हे मात्र रत्न-प्रयोगशाळेत क्ष-किरणांनीच कळते.

तन्मणीचे खोड, चिंचपेटीची मधली पेटी, जडावाच्या कुड्या यांत कोंदणाचे काम असते. खड्याच्या मागे वर्ख, त्यामागे लाख, आणि भोवती शुद्ध सोन्याची पट्टी दाबून बसवलेली. खड्याचा लाल-हिरवा उजाळा बराचसा त्या वर्खाचा असतो. पाणी एकदा आत शिरले की वर्ख काळा पडतो आणि माणिक मेल्यासारखे दिसते. ते पुन्हा उजळवायचे तर कोंदण उघडावे लागते, आणि ते जाणणारा कारागीर आता शोधावा लागतो. या दागिन्यांना पाणी नाहीच. कोरडा मऊ ब्रश, कोरडी मलमल. थेवा कामालाही हाच नियम. रंगीत काचेवर सोन्याची नक्षी बसवलेली असते, मागे चमकदार पत्रा असतो, गरम पाण्याने काच तडकते.

पोवळे मोत्याच्याच जातीचे, त्याला आंबट चालत नाही. पाचूच्या भेगा पुष्कळदा तेलाने भरलेल्या असतात, त्यामुळे तो गरम पाण्यात किंवा दुकानातल्या कंपनाच्या यंत्रात टाकू देऊ नये.

मंगळसूत्र

रोज अंगावर असणारा हा एकच दागिना, त्यामुळे त्याची झीजही रोजची. काळे मणी काचेचे असतात, त्यांना काही होत नाही. झिजते ती पोत आणि वाट्यांच्या कड्या. महिन्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्याने ओल्या कापडाने पुसावे, आणि त्याच वेळी वाट्यांच्या कड्या भिंगातून पाहाव्यात. कडी कागदासारखी पातळ झाली असेल तर डाख देऊन घ्यावा (इकडचे सोनार टाँका म्हणतात). ही पाहणी आम्ही धुण्यापेक्षा महत्त्वाची मानतो.

चांदी आणि देवांचे टाक

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. पावसाळ्यातल्या दमटपणात हे वेगाने होते. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद यांत चांदी गुंडाळू नये.

साध्या पैंजण-जोडव्यांसाठी सोपा उपाय: स्टीलच्या पातेल्याच्या तळाशी अॅल्युमिनियमची फॉइल, त्यावर चांदी फॉइलला टेकेल अशी ठेवावी, चमचाभर खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून वरून गरम पाणी ओतावे. कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधक सुटल्याचा. पाच-दहा मिनिटांत चांदी उजळते आणि घासावे लागत नाही, म्हणून चांदी झिजतही नाही. मीनाकाम, खडे, मोती, लाख, सोन्याचा मुलामा किंवा मुद्दाम काळपट ठेवलेली नक्षी असेल तर ही रीत वापरू नये.

आता टाक. आपल्यापैकी पुष्कळांचे कुलदैवत शेकडो कोस दूर राहिले, जेजुरीला, तुळजापूरला. देवघरातले टाक हीच त्याची इथली खूण. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली ती मूर्ती दर सणाला राखेने, चिंचेने, रांगोळीने घासत गेलो, आणि आता कित्येक घरांत घोडा कुठला आणि देव कुठला हे सांगता येत नाही. नाक-डोळे तीन पिढ्यांच्या हातांनी पुसले गेले. जे उरले आहे ते राखायचे तर टाक घासणे बंद करावे. रोजच्या पूजेनंतर कोरडे पुसावे, हळदकुंकू ओले राहू देऊ नये, आणि फार काळवंडले तर वरची फॉइलची रीत, मात्र टाकाच्या मागे तांब्याचा पत्रा किंवा लाख नाही याची खात्री करून.

पॉलिश

सराफाकडे यंत्रावर पॉलिश करताना दर वेळी थोडे सोने जाते. ते इतके खरे आहे की सोनाराच्या दुकानातली माती चाळून त्यातले सोने काढणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला. महाराष्ट्रात त्यांना झारेकरी म्हणतात, आपल्याकडे न्यारिये. दर दिवाळीला पॉलिश करण्याची हौस म्हणून सोडलेली बरी. करायचेच तर आधी आणि नंतर वजन करून घ्या, दोन्ही आकडे पावतीवर लिहून घ्या, आणि हॉलमार्कची खूण पुसू नका असे आधीच सांगा. जुलै २०२१ पासूनच्या हॉलमार्कमध्ये सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अॅपवर पडताळता येतो. घासला गेला तर ती सोय गेली.

दारावर येणाऱ्या पॉलिशवाल्याला मात्र दागिना द्यायचाच नाही. तो आधी तांब्या-पितळेचे भांडे फुकट चकाकवतो, मग पायातले पैंजण, मग बांगडी मागतो. त्याच्या डब्यातले हळद घातलेले पाणी बहुधा शाही पाणी असते, म्हणजे एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल. सोने विरघळवते ते हेच. बांगडी परत मिळते, दिसते तशीच, पण हलकी. सोने त्याच्या डब्यात जाते आणि नंतर तो ते काढून घेतो. ‘डबा पंधरा मिनिटांनी उघडा’ असे तो सांगतो, कारण तेवढ्यात त्याला गल्ली सोडायची असते. घरात एकट्या असणाऱ्या ज्येष्ठ मंडळींना हे वाचून दाखवा. असा कोणी आला तर दार लावून ११२ ला फोन करावा.

गौरीच्या दिवसांत

मुखवट्यावर खरे दागिने घालायचे तर हळदकुंकू मोत्यांवर पडणार नाही अशा बेताने वाहावे. हळदीचा डाग मोत्यात शिरतो. पडलेच तर आधी कोरड्या ब्रशने झटकावे, ओले कापड मग. एक ग्रॅमचे आणि बेंटेक्सचे दागिने फक्त कोरडे पुसायचे. त्यांच्यावरचा सोन्याचा थर इतका पातळ असतो की साबण आणि ब्रश त्यांचे पितळ उघडे पाडतात. (संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांची निगा एकच: मुंग्यांपासून लांब ठेवा आणि वेळेत वाटून टाका.)

ठेवण

प्रत्येक दागिना वेगळ्या, धुतलेल्या पांढऱ्या सुती पिशवीत. कोरे रंगीत कापड दमट हवेत रंग सोडते. मोती प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवू नयेत. लॉकरमध्ये दागिने वर्षानुवर्षे पडून राहिले तर मोती कोरडे पडतात, रेशीम कुजते, चांदी काळी होते. वर्षातून दोनदा तरी काढून पुसावेत. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे सात वर्षे उघडला न गेलेला आणि ज्याचा मालक सापडत नाही असा लॉकर, भाडे भरलेले असले तरी बँक उघडू शकते. आगीत, चोरीत किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याच्या फसवणुकीत नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरती आहे. तेवढ्यात एक पाटलीही येत नाही, म्हणून विम्याची चौकशी करून ठेवावी.

आणि याद करून ठेवा. प्रत्येक दागिन्याचा पुढून-मागून फोटो, वजन, आत लाख आहे की नाही, मोती किती, कोणाकडून आला. ‘जुने आहे, गाळून नवीन करू’ असे कोणी म्हणाले की वजन होते ते फक्त सोन्याचे. मोती, रेशीम आणि घडणावळ यांना शून्य. यादीत नावे लिहिलेली असली की निदान विचारून निर्णय होतो.

जुन्या लग्नाच्या याद्या घरात असतील तर त्यांच्याशी वजने ताडून पाहा, पण घाबरू नका. त्या याद्यांतला तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा माशांचा, शहाण्णव गुंजांचा आहे; आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा तो दहा ग्रॅम धरतो. जुन्या यादीतल्या चार तोळ्यांच्या पाटल्या आज काट्यावर ४६ ग्रॅमच्या थोड्या वर भरल्या तर त्या पुरेपूर आहेत. ४० भरल्या तर मात्र सहा ग्रॅम कुठे गेले ते शोधायला हवे, बहुधा पॉलिशमध्ये.